साथीच्या काळातली परीक्षा: गेटपासून उत्तरपत्रिकेपर्यंत

(नवी मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की हे आता कशाला उकरून काढायचं? कोरोना गेला, मास्क कपाटात गेले, मुलं कॉलेजात गेली. पण साथ चालू असते तेव्हा विचार करायला कोणाला सवड नसते. तेव्हा परिपत्रकं येतात, आणि आपण ती नोटीस बोर्डावर लावतो. पुढच्या साथीत परीक्षा कशी घ्यायची याचा विचार साथ नसतानाच करायला हवा. म्हणून आज.

मी माध्यमिक शाळेत शिकवत असे. मार्च २०२२ मध्ये आमच्या शाळेत दहावीचं केंद्र होतं आणि मी तिथे केंद्रसंचालक होते. विज्ञानाच्या एका पेपरला सकाळी गेटवर एक आई मुलाला घेऊन आली. रांगेत न लागता सरळ माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, ''मॅडम, रात्रीपासून याचं अंग गरम आहे. पहाटे तापाची गोळी दिलीय. बसू द्याल ना?''

आमच्या शिपायाने मुलाच्या कपाळासमोर थर्मल गन धरली. आकडा नॉर्मल. म्हणजे यंत्र म्हणतंय मूल ठणठणीत आहे, आणि आई म्हणतेय ताप आहे. ती बोलली नसती तर मूल सरळ वर्गात जाऊन बसलं असतं. त्या दिवशी बाकीच्या आयांपैकी किती जणी बोलल्या नाहीत, हे मला आजही माहीत नाही.

त्या मुलाचं काय केलं, ते शेवटी सांगते. आधी मागे जाऊ, कारण आपण त्या गेटपर्यंत दोन वर्षं ठेचा खात पोचलो होतो.

२०२० सालची दहावी आठवा. सतरा लाखांहून अधिक मुलं. बारावीचे पेपर संपले होते, दहावीचेही जवळजवळ संपले होते. राहिला होता एक भूगोल, २३ मार्चला. तो आधी पुढे ढकलला, एप्रिलमध्ये रद्द झाला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. तेव्हा कोणी फारशी तक्रार केली नाही. एका पेपरचा प्रश्न होता.

मग आला पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रश्न. राज्य सरकार म्हणालं परीक्षा नको. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला सप्टेंबरअखेर घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला, की परीक्षा न घेता राज्याला पदवी देता येणार नाही, पण मुदत वाढवून मागता येईल. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घरी बसून, पर्याय निवडायच्या प्रश्नांवर परीक्षा झाल्या.

२०२१ मध्ये दहावी पूर्ण रद्द, बारावीही रद्द. दहावीचा निकाल लागला ९९.९५ टक्के, बारावीचा ९९.६३. घरोघरी पेढे वाटले गेले. पण दुसऱ्या दिवसापासून अडचण सुरू झाली. अकरावीला प्रवेश द्यायचा कशावर? शासनाने त्यासाठी वेगळी सीईटी ठरवली, २१ ऑगस्टला. मुंबई उच्च न्यायालयाने ती १० ऑगस्टला रद्द केली. एक परीक्षा धोक्याची म्हणून रद्द केली, तर तिच्या जागी दुसरी उभी राहायला निघाली, आणि तीही प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची होती!

हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. त्या एप्रिलमध्ये दवाखान्यात खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता. तेव्हा परीक्षा रद्द करणं योग्यच होतं. मुद्दा एवढाच, की रद्द करणंही फुकट पडत नाही. त्याची किंमत मुलं पुढे कुठेतरी भरतात. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, ज्याचे वर्षभराचे अंतर्गत गुण बेताचे, पण जो शेवटच्या दोन महिन्यांत जीव तोडून अभ्यास करतो, त्याच्यासाठी बोर्डाची परीक्षा ही एकच समान संधी असते. तीच गेली तर तो मागे पडतो.

आणि नुसतं पुढे ढकलणं? त्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा १४ मार्च २०२१ ला होती. तीन दिवस आधी ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. मग २१ मार्चला परीक्षा झाली. आता बघा, मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात दुसरी लाट चढत होती. १४ तारखेपेक्षा २१ तारखेला रुग्ण जास्त होते. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली परीक्षा जास्त धोक्याच्या दिवशी गेली. पुढे ११ एप्रिलची गट ब ची परीक्षा मात्र ढकलली ती थेट सप्टेंबरमध्ये झाली, लाट ओसरल्यावर. त्या ढकलण्याला अर्थ होता.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. लाट चढत असेल तर आठवडाभर ढकलून काही मिळत नाही. एक तर आहे त्या तारखेला घ्या, नाही तर लाट उतरेपर्यंत थांबा.

आता समजा घ्यायचं ठरलं. मग धोका नक्की कुठे असतो?

सुरुवातीला आपण सगळे वस्तूंना घाबरलो. बाकं पुसली, पेन पुसले, दाराच्या कड्या पुसल्या. उत्तरपत्रिकांना हात लावायलाही शिक्षक घाबरत होते. मीही त्यातलीच. पुढे कळलं, की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी असते. हात धुवावेत, चांगलीच सवय आहे. पण आपण जो वेळ आणि पैसा फवारणीवर घातला, तो खिडक्यांवर घालायला हवा होता.

हवेतून म्हणजे कसं? उदबत्तीचा धूर डोळ्यांसमोर आणा. खोलीत एक उदबत्ती लावली तर जवळच्याला वास आधी येतो, पण दारं-खिडक्या बंद असतील तर तासाभरात शेवटच्या बाकावरही येतो. बाधित माणसाच्या श्वासाचं तसंच आहे. किती धूर तुमच्या नाकात जाईल हे चार गोष्टींवर ठरतं: उदबत्त्या किती, त्या किती जोरात जळतात, खोलीतली हवा किती बदलते, आणि तुम्ही तिथे किती वेळ बसता.

या चार गोष्टी परीक्षेच्या वर्गाला लावून बघू.

उदबत्त्या किती? गावात किती साथ आहे आणि वर्गात किती माणसं आहेत, यावर ते ठरतं. बोर्डाच्या परीक्षेत एका ब्लॉकमध्ये साधारण पंचवीस मुलं आणि एक पर्यवेक्षक. सप्टेंबर २०२० मध्ये नीट झाली, तेव्हा एका खोलीतली संख्या चोवीसवरून बारा केली होती. त्यासाठी देशातली केंद्रं अडीच हजारांवरून ३,८४३ करावी लागली. संख्या अर्धी करा म्हणणं सोपं आहे. त्यासाठी खोल्या, पर्यवेक्षक, प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं, पोलीस, सगळंच वाढतं.

उदबत्ती किती जोरात जळते? इथे परीक्षा आपल्या बाजूने आहे. गप्प बसलेल्या माणसापेक्षा बोलणारा माणूस कित्येक पटींनी जास्त कण बाहेर सोडतो, आणि ओरडणारा त्याहून जास्त. परीक्षेचा वर्ग ही शाळेतली सगळ्यात शांत जागा. एरवी ज्या वर्गात माझा घसा बसायचा, तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. (हशा) म्हणजे वर्गात मुलं शिकत असतात त्यापेक्षा परीक्षा देत असतात तेव्हा धोका कमी. हे पालकांना सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटायचं.

तिसरी गोष्ट हवा. इथे थोडं गणित करू. समजा वर्ग वीस फूट बाय पंचवीस फूट, उंची दहा फूट. म्हणजे पाच हजार घनफूट, साधारण एक लाख एकेचाळीस हजार लिटर हवा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, की अशा ठिकाणी दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा हवी. सव्वीस माणसं, म्हणजे सेकंदाला २६० लिटर. भागाकार केला तर येतं, की वर्गातली सगळी हवा साधारण नऊ मिनिटांत बदलली पाहिजे. तासाला सहा-सात वेळा.

आपल्या वर्गात हे होतं का? दोन्ही बाजूंच्या खिडक्या आणि दार उघडं असेल, थोडा वारा असेल, तर सहज होतं. एका बाजूच्या खिडक्या गंजून बंद असतील, दुसऱ्या बाजूला आवाज येतो म्हणून दार लावलं असेल, तर अजिबात होत नाही. आणि पंखा? पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. धूर सगळीकडे सारखा वाटतो, इतकंच. खिडकीत बाहेर तोंड करून एक एक्झॉस्ट पंखा लावला तर तो खरं काम करतो. वातानुकूलित खोली सगळ्यात वाईट, कारण तिथे सगळं बंद करून तीच हवा गार केली जाते. आम्ही आमच्या केंद्रावर संगणक कक्ष वापरला नाही, त्याचं कारण हेच.

ज्यांना मोजायचं असेल त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा चारशेच्या थोडा वर असतो. भरलेल्या वर्गात तो नऊशे-हजाराच्या आत राहिला तर समजा हवा बदलतेय. दीड-दोन हजारांवर गेला तर मुलं एकमेकांचाच श्वास घेतायत. एक यंत्र सगळ्या शाळेला पुरतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक वर्गात मुलं भरून तासभर ठेवायचं, आणि ज्या खोलीत आकडा चढतो ती खोली यादीतून काढायची किंवा तिच्या खिडक्या दुरुस्त करायच्या. एखाद्या महिन्याच्या सॅनिटायझरच्या खर्चात हे बसतं.

चौथी गोष्ट वेळ. २०२२ मध्ये बोर्डाने ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं जादा दिली, कारण दोन वर्षांत मुलांची लिहायची सवय मोडली होती. अभ्यासक्रमही ७५ टक्केच ठेवला होता. जादा वेळ देणं बरोबर होतं. पण आरोग्याच्या हिशेबात तीन तासांचे साडेतीन तास झाले. तेव्हा वेळ वाढवली, तर हवाही वाढवायला हवी. परिपत्रकात वेळ लिहिलेली असते, खिडकीबद्दल एक ओळ असली तर असते.

आता मी खरी धोक्याची जागा सांगते. ती वर्गात नाही.

साडेदहाच्या पेपरला दहा वाजता गेटवर काय असतं? दीडशे मुलं, त्यांचे दीडशे पालक, भिंतीवर लावलेला बैठक क्रमांकांचा एकच कागद, आणि त्यासमोर खांद्याला खांदा लावून उभी गर्दी. सगळे बोलतायत, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. आणि पेपर सुटल्यावर? ''पाचव्याचं उत्तर काय लिहिलंस?'' तीन तास गप्प बसलेलं मूल जिन्यातच सगळं बोलून टाकतं. नवी मुंबईतल्या बऱ्याच शाळा तीन-चार मजली आहेत, जिने अरुंद आहेत. वर्गात आम्ही मुलांना नागमोडी बसवत होतो, एकाआड एक, आणि जिन्यात तीच मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतरत होती.

यावर उपाय साधे आहेत. बैठक व्यवस्था आदल्या संध्याकाळी वर्गशिक्षकांनी मोबाईलवर पाठवायची, म्हणजे भिंतीवरच्या कागदासमोर गर्दी होत नाही. दोन गेट असतील तर दोन्ही उघडायची. मजल्यानुसार येण्याची वेळ वेगळी. पालकांना रस्त्याच्या पलीकडे थांबवायचं. पेपर सुटल्यावर एकेक वर्ग पाच-पाच मिनिटांनी सोडायचा. तळमजला आधी, वरचा मजला शेवटी. याला पैसा लागत नाही, दोन खमके शिक्षक लागतात.

आणि गेटच्याही आधी प्रवास. सप्टेंबर २०२० मध्ये जेईई आणि नीट झाल्या, तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालू होती. परीक्षा देणाऱ्या मुलांना हॉल तिकीट दाखवून प्रवास करायची खास परवानगी द्यावी लागली. त्याच सुमाराला विदर्भात पूर आला होता, आणि तिथली मुलं केंद्रावर पोचणार कशी हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. केंद्र चकचकीत असून काय उपयोग, मूल तिथे पोचलंच नाही तर?

म्हणून २०२२ मधला एक निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ज्या शाळेत किमान पंधरा परीक्षार्थी असतील, तिथेच परीक्षेची सोय केली. मूल आपल्याच शाळेत, आपल्याच नोडमध्ये, चालत जाऊन पेपर देणार. ऐरोलीच्या मुलाला नेरूळला जायला नको. एका निर्णयाने प्रवास गेला, गर्दी विभागली गेली. वाशीत आपलं मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय आहे. ठाणे, रायगड, पालघर, मुंबई एवढा पसारा तिथून सांभाळायचा, त्यात केंद्रं अशी वाढवायची, हे सोपं काम नव्हतं.

पण त्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. आपलीच शाळा, आपलेच शिक्षक, म्हटल्यावर कॉपीला वाव मिळतो. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, ही सवलत काढून घेतली आणि कॉपीमुक्त अभियान राबवलं. तेव्हा पुढच्या साथीत हा उपाय करायचा असेल, तर मुलं आपल्या शाळेत आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे, असं करायला हवं. पंचवीस मुलांनी प्रवास करण्यापेक्षा एका पर्यवेक्षकाने केलेला बरा.

बाहेर कसं केलं, तेही थोडक्यात बघू. केरळने मे २०२० मध्ये, टाळेबंदी पुरती उठली नव्हती तेव्हा, दहावी-बारावीचे राहिलेले पेपर घेतले. विलगीकरणात असलेल्यांसाठी वेगळ्या खोल्या ठेवल्या. कर्नाटकाने जून-जुलैमध्ये साडेआठ लाखांच्या आसपास मुलांची दहावी घेतली. दक्षिण कोरियाने ३ डिसेंबर २०२० ला विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा घेतली. बाधित मुलांनी रुग्णालयात पेपर लिहिला, विलगीकरणातल्यांनी वेगळ्या केंद्रावर, आणि बाकीच्यांनी नेहमीच्या केंद्रावर. तिथे आजारी मुलाला आधीच माहीत होतं, की मी खरं सांगितलं तरी माझा पेपर बुडणार नाही.

हे वाक्य महत्त्वाचं आहे. इथे मी पुन्हा आमच्या गेटवर येते.

थर्मल गनने काय होतं? तापाची गोळी घेतलेलं मूल तिला सापडत नाही. लक्षणं नसलेलं मूल सापडत नाही. आणि मार्चच्या उन्हात सायकलवरून आलेलं निरोगी मूल मात्र सापडतं, कारण कपाळ तापलेलं असतं! चाचणीचंही तसंच. डिसेंबर २०२१ मध्ये इथेच घणसोलीतल्या एका शाळेत डझनाहून अधिक विद्यार्थी बाधित सापडले. परदेशातून परतलेल्या एका पालकाची चाचणी निगेटिव्ह होती, मुलाची पॉझिटिव्ह. एका दिवसाचा रिपोर्ट म्हणजे काही चारित्र्याचा दाखला नव्हे.

मग आजारी मूल ओळखायचा खरा उपाय कोणता? त्याच्या घरचे. आईला रात्री दोन वाजता कळलेलं असतं. प्रश्न एवढाच, की सकाळी ती ते सांगेल का? आणि याचं उत्तर तिच्या प्रामाणिकपणावर फारसं नसतं. सांगितलं तर मुलाचं काय होणार, यावर असतं.

सांगितलं तर वर्ष वाया, असं तिला वाटत असेल, तर ती गोळी देईल आणि पाठवेल. मी तिच्या जागी असते तर मीही पाठवलं असतं. तुमच्यातल्या किती जणांनी नसतं पाठवलं? तेव्हा गेटवर पन्नास यंत्रं लावा, त्या आईला खोटं बोलायला लावणारी व्यवस्था तुम्हीच केलेली असते. उलट, आज येऊ नका, तुमच्या मुलाचा पेपर अमुक तारखेला वेगळा होईल, गुणपत्रिकेवर कसलाही शिक्का येणार नाही, प्रवेशात मागे पडणार नाही, असं लेखी हातात असेल तर ती स्वतःहून फोन करेल.

याची उदाहरणं आहेत. नीट १३ सप्टेंबर २०२० ला झाली. कोरोनामुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रात अडकल्यामुळे जे बसू शकले नाहीत, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबरला परवानगी दिली आणि १४ ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा झाली. झाली ते चांगलंच. पण तारखा नीट बघा. १३ सप्टेंबरच्या सकाळी त्या मुलांना हे माहीत नव्हतं. ज्यांनी प्रामाणिकपणे घरी राहायचं ठरवलं, त्यांनी एक महिना डोक्यावर टांगती तलवार घेऊन काढला. हीच हमी आधी असती, तर त्या दिवशीचे वर्गही जास्त सुरक्षित झाले असते. कर्नाटकाने आजारामुळे हुकलेल्यांना पुरवणी परीक्षेत नव्याने बसणारे विद्यार्थी म्हणून धरलं. म्हणजे नापास झाल्याचा ठपका नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये पुरवणी परीक्षा होती, पण ती जुलैच्या शेवटी, निकाल जूनमध्ये लागून गेल्यानंतर. तोवर अकरावीची धांदल सुरू झालेली. कोणती आई त्या भरवशावर मुलाला मार्चमध्ये घरी ठेवेल?

म्हणून माझं सांगणं असं. पुढच्या साथीत परीक्षेचं वेळापत्रक निघेल, तेव्हा त्याच कागदावर, त्याच दिवशी, दुसऱ्या संधीची तारीख छापलेली असावी. मुख्य परीक्षा संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत, आणि निकाल दोन्हींचा एकत्र. प्रश्नपत्रिकांचा एक जादा संच लागेल, थोडा खर्च होईल. ते अशक्य नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन येणारा टेंपो जळाला, तेव्हा ५ आणि ७ मार्चचे भाषांचे पेपर बोर्डाने ५ आणि ७ एप्रिलला घेतलेच ना? प्रश्नपत्रिका जळल्या तर महिन्याभरात दुसऱ्या मिळतात. मग मूल तापाने फणफणलं असेल तर का नाही?

हीच गोष्ट पर्यवेक्षकांची. शिक्षकाने ताप आहे म्हणून कळवलं, की त्याच्याकडे संशयाने बघतात, ड्यूटी टाळतोय म्हणून. मग तोही गोळी घेऊन येतो. दर दहा पर्यवेक्षकांमागे दोन राखीव ठेवले आणि रजेचा प्रश्न काढला नाही, तर तो घरी राहील. वर्गात फिरणारा आणि सूचना बोलून देणारा तोच एकटा असतो, हे विसरू नका.

(श्रोत्यांमधून प्रश्न: हे सगळं करण्यापेक्षा ऑनलाइन परीक्षा सोपी नव्हती का?)

ज्याच्या घरी स्वतंत्र मोबाईल, नेटवर्क आणि दार लावता येणारी खोली आहे, त्याच्यासाठी सोपी होती. जानेवारी २०२२ च्या शेवटी धारावीत मुलं ऑनलाइनच्या मागणीसाठी रस्त्यावर आली होती. त्यांच्यावर लोक खूप चिडले. मला वाटतं, त्यांचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नाही. वर्षभर शिकवलं ऑनलाइन आणि परीक्षा मात्र हाताने लिहा, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण त्यावर उपाय लेखनाचा सराव, कमी केलेला अभ्यासक्रम आणि जादा वेळ हा होता. तो काही प्रमाणात झाला. सोळा लाखांहून अधिक दहावीच्या मुलांची एकाच वेळी घरून, विश्वासार्ह परीक्षा घेणं आपल्याला तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. पुढेही इतक्यात जमेल असं वाटत नाही.

आता त्या मुलाचं.

आम्ही तळमजल्यावर, कोपऱ्यातली, तिन्ही बाजूंनी खिडक्या असलेली चित्रकलेची खोली रिकामी ठेवली होती. त्या दिवसापर्यंत ती लागली नव्हती. मुलाला तिथे बसवलं. एका सरांनी स्वतःहून सांगितलं, ''मी थांबतो, माझे दोन्ही डोस झालेत.'' त्यांनी चांगला मास्क लावला, दाराजवळ खुर्ची टाकली, आणि साडेदहाच्या ठोक्याला पाकीट फोडून प्रश्नपत्रिका त्याला दिली. मधे दोनदा त्याला पाणी दिलं. पेपर सुटल्यावर त्याला मागच्या गेटने आईकडे सोडलं. त्याला कोरोना होता की साधा ताप, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाकीच्या पेपरांना तो आला. पास झाला.

त्याच्या आईने मला सांगितलं कारण तिला वाटलं, मी बसू देईन. तिला हे कोणत्याही परिपत्रकाने सांगितलं नव्हतं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज केला. दुसऱ्या केंद्रावरच्या, मला न ओळखणाऱ्या आईने तो अंदाज का करावा? सोळा लाख मुलांची परीक्षा एकेका केंद्रसंचालकाच्या चेहऱ्यावर सोडता येत नाही.

त्या वर्षी २ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या दिवसापासून राज्यात मास्क ऐच्छिक झाला. दहावीचा शेवटचा पेपर राहिला होता, ४ एप्रिलचा. विषय भूगोल. तोच, जो २०२० मध्ये होऊ शकला नव्हता. त्या दिवशी अर्धी मुलं मास्क लावून आली, अर्धी नाही. उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठे बांधून, सील करून पाठवले, आणि आम्ही शिक्षक वर्गांच्या खिडक्या लावायला गेलो. मीच म्हटलं, राहू द्या उघड्या.